बघितल्याशिवाय घंटा नाही

आप्पांचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, हॉस्टेलच्या जिन्यात उभी होते. खोलीत रेंज येत नाही. आप्पा म्हणाले, "आत्ता घंटा वाजली बघ."

मी विचारलं, "कुणाची?"

ते म्हणाले, "बाईंची."

खरं तर मला रडू यायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "कुणी बघितलं?"

दुसऱ्या गावच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटला असता. माझ्या वडिलांना वाटला नाही. ते म्हणाले, "शहनाजभाभीनं. आत जाऊन, मनगट धरून बघितलं. मगच वाजवली तिनं."

आमच्या घरात कॉलेजला आलेली मी पहिलीच. एखाद्या माणसाबद्दल कसं लिहितात हे मला नीट ठाऊक नाही. मार्थाबाईंचं सगळं आयुष्य मला माहीतही नाही. जे बघितलं आणि जे आप्पांनी सांगितलं, तेवढंच लिहिते.

आमची पिंपरवाडी तासगावच्या अलीकडं आहे. चहूकडं द्राक्षाच्या बागा आणि बेदाण्याच्या शेड, आणि गावाच्या मधोमध उंचवट्यावर चर्च. काळ्या दगडाचं, वर कौलं, पुढं एक चौकोनी मनोरा आणि मनोऱ्यात घंटा. मिशनच्या गोऱ्या साहेबांनी ते बांधलं, पणजोबांच्याही आधी. घंटा म्हणे विलायतेहून बोटीनं आली, पुढं रेल्वेनं, आणि शेवटी बैलगाडीतून. गाडीचा आख जिथं मोडला त्या रानाला अजून घंटेचा मळा म्हणतात. गावात ख्रिस्ती घरं आता चार-पाचच उरलीत. पाळकसाहेब महिन्यातून एका रविवारी सांगलीहून मोटरसायकलवर येतात. पण गाव कुठलं म्हणून विचारलं तर आम्ही सगळेच "चर्चची पिंपरवाडी" असंच सांगतो. वादळात शाळेचे पत्रे उडाले त्या वर्षी माझी चौथी चर्चच्या बाकांवर झाली. तिथं एका खिडकीला लाल-निळ्या काचा आहेत, आणि एका फुटक्या चौकटीत तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला आहे. त्यावरची अक्षरं उलटी दिसतात. मी ती वाचत बसायचे.

गावात कुणी गेलं की ही घंटा वाजते. एक टोला, मग थांबायचं, मग दुसरा. हिंदू असो, मुसलमान असो, ख्रिस्ती असो, सगळ्यांना हीच घंटा. ती वाजली की त्या दिवशी गावात चूल पेटत नाही. आता घरोघरी गॅस आले, तरी टोला ऐकला की बाया शेगडीचं बटण फिरवतात आणि अर्धी कच्ची भाजी तशीच झाकून ठेवतात. आणि घंटा वाजत नाही तोवर चूल विझवायची नाही, रडायचंसुद्धा नाही, अशी रीत.

घंटेचा दोर मार्थाबाईंच्या हातात होता, आणि त्या स्वतः बघितल्याशिवाय दोराला हात लावत नसत.

त्या मिरजेकडच्या एका दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त होऊन पुन्हा सासरच्या घरी, चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. उंच, सरळ पाठीच्या. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि मनगटावर पुरुषी घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला. बोलावणं आलं की बूट बांधायच्या आणि निघायच्या. त्या घरात शिरल्या की एकच वाक्य बोलायच्या, "सगळी भाईर व्हा, वारं येऊ द्या." मग आत काय करायच्या ते कुणाला दिसायचं नाही. बाहेर आल्या की कुणाशी न बोलता चर्चकडं चालायला लागायच्या. त्यांच्या चालीवरून काही ओळखू यायचं नाही. बाया दारात थांबलेल्या, तव्यावर भाकरी तशीच. मनोऱ्याचं दार उघडायचं. मग घंटेची गंजलेली खीळ कुरकुरायची, किर्र असा लांब आवाज यायचा आणि त्यानंतर टोला. त्या किर्र आणि टोल्याच्या मधे सगळं गाव श्वास धरून असायचं. मी लहानपणी त्या आवाजाला टोल्यापेक्षा जास्त भ्यायचे.

हा नियम त्यांनी मयतीपुरता ठेवला नव्हता. कोथिंबिरीची जुडी सोडून बघायच्या. कुणी सांगितलं की अमक्याच्या मुलीचं जमलं, तर म्हणायच्या, "पोरगा बघितलास का तू? मग कशाला बोलतीस?" दहावी पास झाले म्हणून मी पेढे घेऊन गेले, तर पेढ्याला हात न लावता हात पुढं केला. "मार्कशीट."

"बाई, मोबाईलवर आलंय."

"मोबाईलवर काय बी येतंय. कागद आण, मग पेढा खाते."

पेढे परत घेऊन घरी आले मी. शाळेतून कागद मिळाला तेव्हा पुन्हा गेले. त्यांनी तो उजेडात धरून वाचला, गणिताच्या मार्कांपाशी "हं" म्हणाल्या, आणि मग दोन पेढे खाल्ले.

या नियमाचं मूळ गावात सगळ्यांना माहीत होतं. आधी घंटा त्यांचे सासरे वाजवायचे. एकदा सांगलीहून कुणीतरी निरोप आणला की महादूतात्या एसटीखाली सापडून गेले. सासऱ्यांनी ऐकलं आणि घंटा वाजवली. तात्यांच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तात्या हातात पिशवी घेऊन उतरले. मेला तो दुसराच कुणी होता. तात्यांना बघून बायको ओरडत घरात पळाली. नंतर तिला पुन्हा बांगड्या भरल्या, पण आप्पा म्हणतात ती बाई त्यानंतर कधी मोकळं हसली नाही. ते टोले वाजले तेव्हा मार्थाबाई नव्यानंच लग्न होऊन आल्या होत्या. त्या बांगड्या त्यांच्यासमोर फुटल्या.

महादूतात्या मात्र त्यानंतर कितीतरी वर्षं जगले आणि सगळ्या गावाला छळत राहिले. नाताळला चर्चच्या जेवणाला पहिल्या पंगतीत बसायचे. "वाढा, वाढा. माजी घंटा झालेली हाय. आता मला कोन बोलवत न्हाई वर."

"तात्या, हळू जेवा," बाई म्हणायच्या. "घास अडकंल."

"अडकू दे. वाजवायची झाली तर बघून वाजव म्हंजे झालं!"

ते खरंच गेले तेव्हा बाई त्यांच्याजवळ नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या. बाहेरच्या लोकांना वाटलं, तात्या पुन्हा उठतायत की काय.

पण या नियमाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ती गाळली तर बाईंना आवडणार नाही. अवकाळी पाऊस यायला लागला की हीच घंटा घाईघाईनं वाजवतात, म्हणजे लोकांनी बेदाण्यावर ताडपत्र्या टाकायला पळायचं. एका उन्हाळ्यात सरपंचांना पलूसकडून फोन आला की तिकडं गारा पडतायत. ते धावत चर्चपाशी आले. "बाई, वाजवा!"

बाईंनी वर बघितलं. आभाळ कोरडं होतं. "ढग कुठाय?"

"आवं, फोन आलाय!"

"मनोऱ्यावरनं बघते आधी."

त्या शिडीनं वर चढल्या. त्यांना ढग दिसेपर्यंत पाऊस घंटेच्या मळ्यापर्यंत आला होता. त्या वर्षी अर्ध्या गावाचा बेदाणा भिजून काळा पडला. कुणी त्यांना तोंडावर काही बोललं नाही. पण पारावर म्हणायचे, "म्हातारीचे डोळे आन गावाचं वाटोळं." बाईंनी ते ऐकलं होतं. नियम मात्र बदलला नाही.

त्यांच्याशी गमतीनं बोलायची हिंमत महादूतात्यांनंतर एकाच माणसात होती, ते म्हणजे अन्वरभाई. चर्चच्या उतारावर त्यांचं वेल्डिंगचं आणि सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. खिडकीतला तो पत्रा त्यांनीच ठोकलेला. घंटेची जीभ एकदा तुटली होती, तीही त्यांनीच जोडली. स्वतःच्या चष्म्याची काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली होती. बाई म्हणायच्या, "गावाचं सांदतोस, सोताचं कवा?"

चर्चच्या कामाचा मोबदला म्हणून ते नाताळच्या करंज्या घ्यायचे. एका वर्षी त्यांनी करंज्या आधीच संपवल्या आणि खिळीला ग्रीस लावायचं काम राहिलं.

"अन्वर, किर्र किर्र थांबंना घंटेची. कवा येतोस?"

"येतो की बाई. ग्रीसचा डबा आणलाय बघा."

"डबा मला कशाला दाखवतोस? वर चढ."

"आवं, राहू दे की ते किर्र. लोकांना जरा आधी कळतंय. तयारी हुतीया मनाची."

एकदा ते हातातलं काम थांबवून म्हणाले, "बाई, माज्यासाठी बी वाजवनार न्हवं? आमच्यात घंटा नसती."

"गावात राहतोस का न्हाई?"

"राहतो."

"मग झालं तर."

"पन बघून वाजवा. महादूतात्यागत करू नका. शहनाज माझी साधी हाय."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अन्वरभाईंना ताप आला. अॅम्ब्युलन्स आली, आणि ते स्वतःच्या पायांनी तिच्यात चढले. माझी अकरावी घरात बसूनच चालली होती. आमचं घर त्यांच्या दुकानासमोर, त्यामुळं मी खिडकीतून बघत होते. शहनाजभाभी दारात उभ्या होत्या. त्यांना जवळ येऊ दिलं नाही. काही दिवसांनी सांगलीच्या दवाखान्यातून अन्वरभाईंच्या धाकट्या भावाला, शौकतभाईंना, फोन आला. अन्वरभाई गेले होते, आणि दफन तिकडंच केलं होतं. घरच्या कुणालाच बोलावलं नव्हतं. नंतर एका पिशवीत त्यांचा मोबाईल तेवढा आला. चष्मा नव्हता.

भाभींनी पिशवी घेतली आणि विचारलं, "बाईंनी बघितलं का?"

शौकतभाई म्हणाले, "भाभी, तितं कोन बघायला सोडतंय?"

"मग चष्मा कुठाय? मोबाईल कुनाचा बी कुनाला देत असतील. महादूतात्या आलं न्हवतं का परत?"

त्या दिवसापासून भाभी दोघांचा स्वयंपाक करायला लागल्या. सकाळी दुकानाचं शटर अर्धं उघडायच्या, जसं अन्वरभाई उघडायचे. मग रस्त्यावर येऊन मनोऱ्याकडं बघत उभ्या राहायच्या. घंटा वाजत नव्हती, म्हणजे त्यांच्या लेखी काही झालंच नव्हतं. मला त्या खिडकीतून बघवत नव्हतं. आई म्हणायची, "तिकडं बघू नको." पण तीही बघायची.

गावात कुजबुज सुरू झाली. पलीकडच्या कुठल्याशा गावात मेला म्हणून सांगितलेला माणूस चालत घरी आला, असं कुणीतरी पसरवलं. खरं-खोटं कुणाला माहीत. भाभींच्या कानावर ते गेलं, आणि त्या दिवशी त्यांनी अन्वरभाईंचा धुतलेला शर्ट दोरीवर वाळत घातला.

शौकतभाई चर्चपाशी गेले. मागं सरपंच आणि चार-पाच लोक, सगळे तोंडं बांधून.

"बाई, वाजवा घंटा," शौकतभाई म्हणाले. "भाभीला इद्दतला बसवायचं हाय, नवरा गेल्यावर चार म्हयने घरात बसावं लागतं तिला. तिला सांगून पटंना. तुमची घंटाच पटंल तिला."

बाई मनोऱ्याच्या दारात उभ्या होत्या. "मी बघितलं न्हाई, शौकत."

"कसं बघनार? मातीत ठेवला त्याला!"

"म्हनून मी खोटं वाजवू?"

सरपंच म्हणाले, "बाई, मागं गावाचा बेदाणा भिजवला तुमी. आता एका बाईचं डोकं फिरवायचं ठरवलंय का? सरका, मी ओढतो दोर."

बाई सरकल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात चौकटीला लावले. "ओढा. पन त्यो मेलाय आन माती त्याचीच हुती, असं तुमी शहनाजच्या डोळ्यात बघून सांगनार असाल, तर ओढा. सांगता का?"

कुणी पुढं झालं नाही. शौकतभाई तिथंच पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. त्यांचा चेहरा मला लांबून दिसत होता. तो हट्टी माणसाचा चेहरा नव्हता. त्या घाबरल्या होत्या. त्यांना मी तसं आधी कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा दुधाचा टेम्पो घेऊन निघाले, तर वेशीपाशी बाई उभ्या. पांढरी साडी, पांढरे बूट, मास्क.

"सांगलीला सोड."

"बाई, तुमचं वय काय, दिवस कसले!"

"तू टेम्पो चालव. वय मी बघते."

आप्पांनी मला नंतर सांगितलं की वाटेत पोलिसांनी दोनदा अडवलं. दोन्ही वेळा बाई एवढंच म्हणाल्या, "मी सिस्टर आहे." दवाखान्यापाशी उतरून त्या आत गेल्या. आप्पा दूध घालून आले, कॅन धुतले, उन्हात थांबले. बाईंना आत कुणी सोडेना. बघायला तर काहीच उरलं नव्हतं. मग त्या मागच्या फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या, जिथून नर्सा ड्यूटी संपवून बाहेर पडतात. बाहेर येणाऱ्या प्रत्येकीला एकच विचारायच्या, "चष्म्याला तांब्याची तार बांधलेला माणूस बघितला का?" बऱ्याच जणी मान हलवून गेल्या. शेवटी एक मुलगी थांबली. अगदी लहान होती, आप्पा म्हणाले, तुझ्याएवढीच वाटत होती. ती बाईंशी बोलली. बोलता बोलता फाटकाला धरून खाली बसली. बाई तिच्यासमोर बसल्या.

गावात टेम्पो शिरला तेव्हा ऊन कलत होतं. दारादारात माणसं होती. सगळ्यांना वाटलं, त्या सरळ मनोऱ्याकडं जातील. पण त्या आमच्या समोर, अन्वरभाईंच्या दुकानापाशी उतरल्या. भाभी अर्ध्या शटरमधून वाकून बाहेर आल्या. दोघींच्या मधे एक सायकल उलटी उभी होती, चाकं वर.

भाभींनी विचारलं, "बघितलं?"

बाई म्हणाल्या, "न्हाई."

भाभींच्या तोंडावर काय आलं ते मला सांगता येणार नाही. हसू म्हणावं तर हसू नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग हाय त्यो?"

"ऐक पोरी. मी बघितलं न्हाई. पन जिनं शेवटपातूर बघितलं, तिला मी बघून आले. त्याचा हात तिच्या हातात हुता. चष्मा तिनंच पुसून त्याच्या डोळ्याला लावला हुता. तो तसाच गेला त्याच्याबरोबर."

"चष्मेवाले लय असतात बाई."

"असतात. पन तिला तो सारखा एकच सांगत हुता. ती म्हनली, मला वाटलं तापात बडबडतोय." बाईंनी मास्क खाली केला. "त्यो म्हनायचा, सिस्टर, आमच्या चर्चच्या बाईंना सांगा, घंटेच्या खिळीला ग्रीस लावायचं राहिलं. डबा वरच्या फळीवर हाय."

माझ्या हातात खिडकीचा गज होता, तो मी किती घट्ट धरला होता ते मला नंतर हात दुखला तेव्हा कळलं.

भाभी वळल्या आणि शटरखालून आत गेल्या. आत काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. त्या स्टुलावर चढल्या असाव्यात. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात डबा होता. झाकणावरची धूळ त्यांनी पदरानं पुसली. उलट्या सायकलच्या चाकांवरून तो बाईंच्या हातात दिला.

"लावून वाजवा," त्या म्हणाल्या. मग आत गेल्या आणि शटर पूर्ण खाली ओढलं.

बाई शिडीनं मनोऱ्यात चढल्या. त्या वयात त्या कशा चढल्या, कुणास ठाऊक. सरपंच खाली शिडी धरून उभे होते. गाव नेहमीसारखं थांबलं, त्या किर्रची वाट बघत. पण या वेळी किर्र आलंच नाही. आधी काही सूचना न देता पहिला टोला पडला, आणि आई दचकून भिंतीला टेकली. मग समोरून, बंद शटरच्या आतून, भाभींचा आवाज आला. इतके दिवस दाबून धरलेला. आईनं शेगडीचं बटण फिरवलं.

बाई खाली आल्या तेव्हा त्यांच्या पांढऱ्या साडीवर काळ्या ग्रीसचे हात उमटले होते. नंतर ती साडी त्यांनी बरीच वर्षं वापरली. डाग निघाले नाहीत.

भाभी पुढं त्यांच्याकडं जायला लागल्या. सुरुवातीला नुसत्याच बसायच्या. मग बाई कुणाचं बघायला निघाल्या की त्या बरोबर जायच्या आणि उंबऱ्याबाहेर थांबायच्या. मग आत. नाडी कुठं बघायची हे बाईंनी त्यांना शिकवलं. बाईंचं बघायची वेळ आली तेव्हा भाभींनी सगळ्यांना सांगितलं, "सगळी भाईर व्हा, वारं येऊ द्या." आप्पांनी हे सांगितलं तेव्हा मी जिन्यात खाली बसले.

बाईंना मी शेवटचं बघितलं ते एसटीच्या थांब्यावर. दिवाळीची सुट्टी संपवून मी साताऱ्याला निघाले होते. त्या उतारावरून सावकाश खाली आल्या, एका हातात काठी, दुसऱ्यात तोच डबा. महिन्याचं ग्रीस लावायचा दिवस होता. आता वर शौकतभाई चढायचे.

"कुठल्या वर्गात आता?"

"एम.ए.ला, बाई."

हात पुढं आला. मी कॉलेजचं ओळखपत्र दिलं. त्यांनी ते लांब धरलं, मग जवळ धरलं. डोळे अधू झाले होते. फोटोवर बोट फिरवलं आणि माझ्या तोंडाकडं बघितलं.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "पोचलीस की फोन नको करू. सुट्टीला ये आन तोंड दाखव."

मी हो म्हटलं. गाडी आली. मी खिडकीपाशी बसले आणि हात हलवला. त्यांनी हात हलवला नाही. त्या डबा पोटाशी धरून, मान पुढं काढून, गाडीकडं बघत उभ्या होत्या. शौकतभाई वरून हाक मारत होते, "बाई, चला की, शिडी लावलीया." त्या वळल्या नाहीत. गाडी कॅनॉलच्या पुलावरून वळून दिसेनाशी होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.